हातातला पैसा, आपला पैसा

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्यात मी उडदाच्या पापडांच्या ऑर्डरी घेत असे. एका वर्षी सहा हजार रुपये आगाऊ आले. मी लगेच वहीत लिहिलं, ‘कमाई ६,०००’, आणि लेकीला कानातले करून टाकले. पुढच्याच आठवड्यात वळीव आला. गच्चीवरचे पापड भिजले, पीठही दमट झालं. दोघीतिघींनी पैसे परत मागितले, तेव्हा घरखर्चाच्या डब्यात हात घालावा लागला.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “अगं, पापड त्यांच्या डब्यात पडेपर्यंत पैसे त्यांचेच. तू नुसती राखणदार.”

न दिलेलं घेऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण हे तर मला हातात दिलेलं होतं! मग माझं चुकलं कुठे?

याचं उत्तर मला मिळालं ते कंपनीच्या वार्षिक अहवालात. ह्यांच्या नावावर थोडे शेअर्स आहेत, म्हणून तो घरी येतो. मी कला शाखेची. नफ्याचा आकडा बघून मिटून ठेवायची. एकदा मागच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचल्या. महसूल केव्हा धरला, हे तिथे सांगावं लागतं. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून त्यासाठी ‘इंड एएस ११५’ हे मानक आहे. त्याचं सार सासूबाईंचंच: पैसे कधी आले हे बघू नका, कबूल केलेली वस्तू किंवा सेवा गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेली का, ते बघा. तोवर आगाऊ रक्कम ही कमाई नव्हे, देणं.

काही कामं मात्र वर्षानुवर्षे चालतात. पूल अर्धा झाला, तर कमाई किती धरायची? तिथे अंदाज करावाच लागतो. अंदाज म्हणजे खोटं नव्हे. पण तो कसा केला हे लपवलं, की खोट्याची सुरुवात होते. म्हणूनच त्या टिपा.

हैदराबादची सत्यम कंपनी आठवते ना? ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८ ला संपलेल्या तिमाहीत २,७०० कोटींचा महसूल दाखवला होता, खरा होता २,११२ कोटी. सुरुवातीला फरक थोडाच होता, तो वाढत गेला, असं त्यांनीच लिहिलं. तिथे तर नसलेलीच कमाई मांडली होती. माझ्या सहा हजारांची त्याच्याशी बरोबरी नाही. पण ‘आज लिहून टाकू, उद्या भरून निघेल’ हा मोह मला ओळखीचा वाटला, आणि जरा लाजही वाटली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी अहवाल आला तर दोन गोष्टी बघा. महसूल केव्हा धरतात? आणि विक्रीपेक्षा येणं बाकी फार वेगानं वाढतंय का? वाढत असेल तर लगेच चोर म्हणू नका, पण विचारा जरूर.

माझ्या वहीत आता दोन रकाने आहेत: ‘आले’ आणि ‘झाले’. पापड पोचल्याशिवाय आकडा पहिल्यातून दुसऱ्यात जात नाही. कमाई उशिरा दिसते खरी, पण दिसते ती आपली असते. रात्री झोपही लागते.