हजेरीची किंमत

कॅलिफोर्नियात एखादं मूल ताप आल्यामुळे घरी राहिलं, तरी त्या दिवसापुरतं शाळेचं अनुदान घटतं. आईची चिठ्ठी असो वा डॉक्टरची, १९९८ पासून तिथे रजेचं कारण विचारात घेतलं जात नाही. वर्षभर रोज सरासरी किती मुलं हजर होती, त्या आकड्यावर राज्य सरकार स्कूल डिस्ट्रिक्टला पैसे देतं. अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्ट तेरा हजारांच्या आसपास आहेत. बहुतेकांचं मंडळ लोकांनी निवडलेलं असतं, अंदाजपत्रक स्वतंत्र असतं आणि शिक्षकांचे पगार त्यातूनच होतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात सातवीतल्या मुलाची दांडी थेट जमाखर्चात उतरते.

या पद्धतीमागे एक विचार आहे. पैसा हजेरीला बांधला की शाळा मुलांना शोधायला बाहेर पडेल, ही अपेक्षा त्यात आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. पण तीस मुलांच्या वर्गात तिघं आली नाहीत, म्हणून शिक्षकाचा पगार, बसचं डिझेल किंवा इमारतीची देखभाल एक दशांशाने कमी होत नाही. खर्च तेवढाच राहतो, उत्पन्न मात्र घटतं. मुलं शाळा सर्वाधिक कुठे बुडवतात? जिथे दमा आहे, भाडं थकल्यामुळे घर बदलावं लागतं, धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी नसतं, तिथे. म्हणजे ज्या वस्तीला जास्त पैसा हवा, तिच्याच शाळांचा पैसा कापला जातो. कोविडनंतर हजेरी ढासळली, तेव्हा राज्याने २०२२ मध्ये मागील तीन वर्षांची सरासरी धरण्याची सवलत दिली. पद्धतीतला दोष त्यातून झाकला गेला, नाहीसा झाला नाही.

आता शिकण्याकडे येऊ. वीस मुलांच्या वर्गाची हजेरी नव्वद टक्के आहे, असं आपण ऐकतो आणि समाधान मानतो. पण या नव्वद टक्क्यांचे दोन अर्थ होऊ शकतात. प्रत्येक मुलाने १८० दिवसांपैकी अठरा दिवस बुडवले असतील किंवा अठरा मुलं रोज आली आणि दोघं वर्षभर फिरकलीच नसतील. सरासरीला यातला फरक कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासकांनी गेल्या दोन दशकांत दुसरं माप पुढे आणलं. ज्या मुलाचे दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस बुडतात, ते ‘क्रॉनिकली अ‍ॅबसेंट’. महिन्याला दोन दिवस म्हणजे काही फार नाहीत, असं कुठल्याही पालकाला वाटेल. वर्षाअखेरीस त्यांचे अठरा होतात. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानंतर बहुतेक राज्यांनी हे माप शाळांच्या मूल्यमापनात घेतलं. महासाथीपूर्वी अशी मुलं सुमारे १५ टक्के होती, २०२१-२२ मध्ये ती २८ टक्क्यांच्या घरात गेली.

दिवस बुडाला की नेमकं काय बिघडतं? अपूर्णांकांच्या बेरजेच्या दिवशी मूल नव्हतं, तर पुढे वजाबाकीही कळत नाही. परतल्यावर वर्ग पुढे गेलेला असतो आणि न कळण्याची लाज पुढच्या दांडीला कारण ठरते. शिकागोच्या सरकारी हायस्कूलांचा २००७ मधला अभ्यास या बाबतीत बोलका आहे. नववीत कोण नापास होणार, याचा अंदाज आठवीच्या चाचणीतल्या गुणांपेक्षा नववीतल्या हजेरीवरून कितीतरी पटींनी अचूक बांधता येत होता. अर्थात गैरहजर मूल बहुधा गरीबही असतं, त्यामुळे सगळा दोष बुडालेल्या दिवसांच्या माथी मारता येणार नाही. पण पुढचा धोका आधी दिसतो तो हजेरीपटावरच.

हा इशारा मिळाल्यावर करायचं काय, यावर सरकारांचं जुनं उत्तर दंड हेच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मात्र त्या सक्तीसोबत शिक्षण मोफत होतं आणि नव्या शाळाही निघाल्या. कॅलिफोर्नियात कमला हॅरिस यांच्या पुढाकाराने झालेला कायदा २०११ मध्ये लागू झाला. त्यात पालकाला दोन हजार डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद होऊ शकत होती. काही पालकांना अटकही झाली आणि २०१९ मध्ये खुद्द हॅरिस यांनी त्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. टेक्सासमध्ये तर शाळा बुडवणं हा २०१५ पर्यंत मुलाचा फौजदारी गुन्हा होता. मुलाला दमा असेल, तर आईला कोर्टात उभं करून त्याचा खोकला कसा थांबणार?

आपल्याकडे गणित उलटं आहे. शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर करायची, ते संचमान्यतेत पटावरून ठरतं, रोजच्या हजेरीवरून नाही. या पद्धतीतही मोह आहेच. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत फक्त कागदावर असलेली मुलं किती होती, ते महाराष्ट्राने पाहिलं. शिवाय बीडच्या ऊसतोड मजुराचं मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातं, तेव्हा त्याचं नाव पटावर शाबूत राहतं. शाळेचं काही बिघडत नाही, बिघडतं ते मुलाचं. पैसा हजेरीला बांधला तर गरीब शाळा भरडली जाते. पटाला बांधला तर गैरहजर मूल कुणाच्या खिजगणतीत राहत नाही.

म्हणून या दोन आकड्यांची कामं वेगळी करायला हवीत. पैसा पटावर आणि गरजेवर द्यावा, पटाची पडताळणी कडक असावी. हजेरीवरून मात्र कुणाचा निधी कापू नये. तिचा उपयोग त्याच आठवड्यात चौकशी करण्यासाठी व्हावा. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी कोण गेलं, बस चुकते की औषध नाही, हे मुख्याध्यापकाला माहीत असावं आणि उत्तर मिळाल्यावर खर्च करायला त्याच्या हाती थोडे पैसे असावेत. बीडमधली हंगामी वसतिगृहं याच विचाराची आहेत: आईबाप फडावर गेले तरी मूल गावात राहून शिकतं. कारण सापडलं की उपाय बहुधा साधाच असतो. तो परवडत नाही म्हणणाऱ्या सरकारने नापास झालेल्या मुलाचा खर्चही एकदा मांडून पाहावा.