ख्रिस्ती कोणास म्हणावे?

एखाद्या मनुष्यास 'ख्रिस्ती' म्हणावयाचे ते कशावरून? वेषावरून, आहारावरून, की त्याच्या गुरूवरून? तंजावरच्या मराठी राज्यात एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले दोन पुरुष होऊन गेले. त्यांच्या चरित्रांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक होईल.

पहिले सरफोजी महाराज भोसले (१७७७-१८३२). वारसाच्या कलहात सापडलेल्या या बालराजपुत्राचा सांभाळ व शिक्षण श्वार्ट्झ नामक जर्मन पाद्र्याने केले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले, तेव्हा महाराजांनी त्यांच्या समाधीसाठी स्वतः इंग्रजीत पद्य रचले आणि पुढे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. मरणशय्येवरील गुरूचा हात हाती घेतलेला राजा त्यात आजही दिसतो. परंतु याच महाराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला आणि १८२० मध्ये ते काशीयात्रेस निघाले. गुरूची विद्या त्यांनी घेतली, गुरूवर पित्यासारखे प्रेम केले. उपास्य मात्र बदलले नाही.

दुसरे वेदनायकम शास्त्री (१७७४-१८६४). उपपद 'शास्त्री', भाषा तमिळ, आणि 'बेथलेहेम कुरवंजी' हे त्यांचे काव्य कुरवंजी या देशी नृत्यनाट्यप्रकारातले. वरवर पाहणारा त्यांना ख्रिस्ती म्हणणार नाही. तरी त्यांची सारी वाणी ख्रिस्ताच्या स्तुतीत वेचली गेली.

तेव्हा बाह्य लक्षण येथे उपयोगी पडत नाही. मग निकष कोणता? आमचे व्याकरणशास्त्र या ठिकाणी साहाय्यास येते. ज्याची ज्या वस्तूवर भक्ती, त्या वस्तूवरून त्याला नाव द्यावे, असे पाणिनी सांगतो. वासुदेवाचा भक्त तो वासुदेवक. सतराव्या अध्यायात भगवंतांचे सांगणेही हेच, की मनुष्य श्रद्धेचाच घडलेला असतो. जशी श्रद्धा तसा तो. या न्यायाने शास्त्री ख्रिस्ती ठरतात, महाराज ठरत नाहीत.

परंतु येथे एक शंका उभी राहते. वेदनायकम शास्त्री मंडळीत जातिभेद राखण्याच्या पक्षाचे होते. १८३३ मध्ये बिशप विल्सन यांनी फर्माविले की, ख्रिस्तमंडळीत जातिभेद सर्वथा सोडला पाहिजे. प्रभुभोजनाच्या वेळी उच्चनीच असता कामा नये. तंजावरच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी त्यास कडवा विरोध केला. जो आपल्या धर्मबंधूसोबत एका पंक्तीस बसावयास कचरतो, त्याला ख्रिस्ती म्हणावे काय?

उत्तर असे की, नाव मिळणे निराळे आणि नावास पात्र होणे निराळे. नाव भक्तीने मिळते, आणि भक्ती कोठे जडली आहे हे ज्याचे त्यासच ठाऊक असते; म्हणून त्याचे वचन आपण प्रमाण मानावे. पात्रता आचरणाने ठरते, आणि तेथे माप त्याच्याच गुरुवचनाचे लावावे, आपल्या आवडीनिवडीचे नव्हे. विल्सन यांनी शास्त्रींच्या पक्षाला लावलेले माप ख्रिस्ताच्याच उपदेशातले होते, म्हणून ते योग्य होते. उलट, कोणी कोणता पोशाख करतो, काय खातो, कोणाच्या शाळेत शिकला, यांवरून शेजाऱ्याचा धर्म ठरविणे हा अविचार होय.

हेच माप आपल्यालाही लागते. पंक्तिभेद आपल्या घरांतूनही होता आणि कित्येक ठिकाणी अजून आहे. सर्व भूतांच्या ठायी समदृष्टी ठेवावी, हे तर भगवंतांचेच वचन. शिवाय पाणिनीच्या त्याच प्रकरणात आणखी एक शब्द येतो: आपूपिक, म्हणजे अपूपांवर, गोड घारग्यांवर, ज्याची भक्ती आहे तो. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपले चित्त कशाभोवती घोटाळते, हे प्रत्येक गृहस्थाने एक दिवस प्रामाणिकपणे पाहावे. आपण वासुदेवक की आपूपिक, याचा निर्णय मग दुसऱ्या कोणास विचारावा लागणार नाही.