आई-बाबा कुठं आहेत?

मुलांसाठी साहसकादंबरी लिहायला घेतली, तेव्हा मंडईत भाजी निवडावी तशी मी आपत्ती निवडत होतो. ऊन नको, दुष्काळ नको, पूर हवा. पुराला वेग असतो, आवाज असतो, प्रकरण कुठे तोडायचं ते तोच सांगतो. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तिकडे कन्नड घाटात दरडी कोसळून वाहनं अडकली. त्या पाण्यात लोकांची जनावरं गेली, दुकानांत चिखल भरला. आणि त्या पुराची जुनी कात्रणं चाळताना माझ्या मनात काय आलं? तिसरं प्रकरण मिळालं! लाज वाटली, असं लिहिणं सोपं आहे. खरं तर आधी आनंद झाला. लाज नंतर आली, तीही बेताचीच.

उन्हाला मी का टाळलं? मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या वर जातो. रावेर-यावलच्या बागांत केळीची पानं करपतात, घड निसटतात. कडेनं हिरवी नेट बांधून शेतकरी गरम वारा अडवू बघतो. टँकर आला की पोरीबाळी हंडे घेऊन धावतात. यात थरार कुठला, असं मी स्वतःला समजावलं. चाळीसगाव तालुक्यातल्या तांड्यांवरची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, शाळा मागे राहते. पाऊस दगा देतो त्या वर्षी तर जास्तच. तगून राहणं म्हणतात ते हेच ना? माझ्या नायकाकडे मात्र सायकल होती, टॉर्च होता, दोराच्या गाठी मारायची विद्या होती. हा मुलगा नक्की कुठला? तांड्यावरचा तर नाहीच. बहुधा मला लहानपणी जे व्हायचं होतं, तो.

पाचवीतल्या एका वाचकानं हस्तलिखित वाचून विचारलं, "काका, पण याचे आई-बाबा कुठं आहेत?"

मी ऐटीत सांगितलं की साहसकथेत मोठ्यांना वाटेतून दूर करावंच लागतं. खोटं नव्हतं ते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेसुद्धा पुण्यात वसतिगृहातच राहतो. पण प्रश्न काही सुटेना. चोर पकडायला मुलगा एकटा गेला तर ती गंमत. वाढत्या उन्हाशी आणि पिसाटलेल्या पावसाशी त्यानं एकट्यानं झुंजायचं, हीसुद्धा गंमतच? नाल्याच्या पात्रात बांधकामं झाली तेव्हा मोठी माणसं कुठं होती? आणि मी? एसी लावून बारा वर्षांच्या पोराला शूर करत बसलो होतो. त्याच्या गळ्यात शौर्य घालून मला मोकळं व्हायचं होतं की काय?

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात मोठी माणसं हजर होती. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी 1990च्या दशकापासून जंगल राखलं, तोडणाऱ्याला दंड लावला, पाणी अडवलं. विहिरींना पाणी आलं. पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली. या कामात पहारे आहेत, बैठका आहेत, आपल्याच नातलगाला दंड करायची पाळी आहे. कादंबरीकाराला हे सगळं फार संथ वाटतं. मला तरी वाटलं.

मग मुलांच्या हाती बैठकांची इतिवृत्तं द्यायची? छे! थरारावर मुलांचा हक्क आहे, त्यामुळे पूर राहील. फक्त आता वडीलही त्या पुरात असतील. ते दोर धरतील, आणि नाला बुजवायचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा ते गप्प बसले होते, हेही मुलाला कळेल. याने कादंबरी बिघडेल का? माहीत नाही. थोडी जड होईल खरी.

मुलांसाठी असं काही तुम्ही लिहीत असाल, तर पहिल्याच पानावर आई-बाबांना गावाला पाठवू नका. पाठवलंच, तर ते कशाला गेले होते तेवढं मुलांना सांगा.