पाळत

व्यसनमुक्ती केंद्रातून भाऊ परतला की घरात काय काय होतं, ते अशा घरातल्या कुणालाही पाठ असतं. कपाटाला नवं कुलूप येतं. आईचे दागिने मामांकडे जातात. बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की दारावर थाप पडते. पाळतीचं हे काम बहुतेक वेळा बहिणीकडे येतं. गर्द (ब्राउन शुगर) ओढली की डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, हे आईवडिलांच्या कधी लक्षातच आलेलं नसतं. ती मात्र वर्षानुवर्षं त्याच्या डोळ्यांत बघूनच दिवस कसा जाणार ते ओळखत आलेली असते.

कुलपाला माझी हरकत नाही. ज्या घरातून गॅसची टाकीसुद्धा विकली गेली, त्याने कुलूप लावायचं नाही तर कुणी? पण हळूहळू बहिणीचं भावाशी दुसरं नातंच उरत नाही. ती विचारते, तो उत्तर देतो. ती खिसे तपासते, तो हात वर करून उभा राहतो.

याचा धोका कोरडा, वैद्यकीय आहे. व्यसन सुटण्याच्या वाटेवर पुन्हा घसरणं अनेकांच्या वाट्याला येतं. काही आठवडे गर्दशिवाय गेले की शरीराची सवय मोडलेली असते. तेव्हा जुन्या मापाने घेतलेली एकच पुडी श्वास थांबवू शकते. अशा वेळी घसरलेल्या माणसाने त्याच दिवशी कुणाला तरी सांगणं फार गरजेचं असतं. पाळतीच्या घरात तो लपवतो.

महाराष्ट्रात या आजाराकडे घरासकट पाहण्याची दृष्टी बरीच मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने दिली. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी आर्थिक मदत देऊ केली आणि 1986 साली डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात ते उभं केलं. तिथे रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. एकूण समाजात मात्र आईच्या अश्रूंची दखल घेतली जाते, बायकोच्या सोसण्याचीही थोडीफार, आणि भावंडं मागच्या रांगेत राहतात. कॉलेजच्या फीचे पैसे कुणाचे गेले? ‘त्यांच्या घरात तसला मुलगा आहे’ म्हणून स्थळ कुणाचं मोडलं? दहावीचा निकाल कुणाचा लागला आणि त्या दिवशी सगळं घर पोलीस चौकीत होतं?

या सगळ्याचा राग गिळून टाकला की तोच पुढे पाळतीच्या रूपाने बाहेर येतो. म्हणून तो बोललेला बरा. आधी समुपदेशकापाशी, आणि भाऊ थोडा सावरला की त्याच्यापाशीही, सरळ: “दादा, माझी फी तू उडवलीस. मला अजून राग आहे.” आई हे म्हणणार नाही. ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. वडील एक तर गप्प राहतील किंवा सगळा इतिहास काढतील. बरोबरीच्या नात्याने भांडायचा हक्क भावंडांनाच असतो, आणि मला तर वाटतं, त्या भांडणात मोठा मान आहे. संशयिताशी कुणी भांडत नाही. आपण भांडतो ते ज्याच्याकडून अजून काही अपेक्षा आहे, त्याच्याशी.

पैशाच्या बाबतीत मात्र काटेकोर असावं. ‘शेवटचे दोन हजार, नाहीतर ते मला मारतील’ हे ऐकून बहिणीने बांगडी मोडली, तर ती उधारी फेडून पुढच्या पुडीची सोय करते. रोख नको; जेवण, केंद्रापर्यंतची सोबत आणि दर आठवड्याच्या फॉलोअपची आठवण, एवढं हक्काने द्यावं. त्यापलीकडे आपला अभ्यास, आपली नोकरी, आपलं लग्न त्याच्या बरं होण्यासाठी अडवून ठेवू नये. त्या ओझ्याखाली तोही दबतो.

तुमच्या घरात असा भाऊ किंवा बहीण असेल आणि उपचाराचं नाव काढलं की उठून जात असेल, तरी थांबून राहू नका. 14446 हा सरकारचा मोफत मदत क्रमांक आहे. तो घरच्यांसाठीही आहे. पहिला फोन तुम्ही करा.