न वापरलेलं अंगुस्तान

माझ्या मेहुणीनं लंडनच्या जुन्या बाजारातून आमच्यासाठी एक अंगुस्तान आणलं. चांदीचं, काठावर नाजूक वेलबुट्टी, शंभर वर्षांहून जुनं. देतानाच तिनं बजावलं, "भावोजी, ह्यानं शिवायचं नाही हं! किंमत जाते."

मी पडलो बी.कॉम. वापरा नाहीतर नका वापरू, वर्ष सरलं की घसारा काढायचाच, एवढंच मला कॉलेजात शिकवलेलं. न वापरल्यानं किंमत वाढते हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. बँकेत मात्र तो पाहिला आहे. मी वीस वर्षं बोटाला रबरी टोपी घालून नोटा मोजतोय. ज्यांनी टोपी कधी घातलीच नाही, त्यांची किंमत केव्हाच वाढली!

मग हट्टानं वाचून काढलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात असल्या वस्तूंचं पीकच आलं होतं. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भलंमोठं प्रदर्शन भरलं, तर त्याची आठवण म्हणून अंगुस्तानं निघाली. स्कॉटलंडच्या मॉकलिन गावात सुया ठेवायच्या लाकडी डब्यांवर सहलीच्या गावांची चित्रं छापत. रेडिचच्या एव्हरी कंपनीनं सुयांसाठी पितळेच्या ढकलगाड्या नि फुलपाखरं केली. काही डब्यांना इवलंसं भोक. त्याला डोळा लावला की आत भिंगातून अख्खा देखावा दिसायचा. म्हणजे शिवता शिवता सहल!

पण ज्या बाया पोटासाठी शिवत, त्यांच्या सुईला कसली ढकलगाडी? सदरे शिवून झिजणाऱ्या अशाच एका बाईवर टॉमस हूडनं 1843 साली कविता लिहिली होती, ती 'पंच'मध्ये आली नि खूप गाजली. तिचं अंगुस्तान कुठल्या शोकेसमध्ये असेल असं वाटत नाही. झिजलेल्या वस्तूला गिऱ्हाईक नसतं.

हा सगळा विचार मी आरामखुर्चीत बसून करत होतो. तेवढ्यात आई आली. भाचीच्या बाळासाठी ती दुपटं शिवतेय.

"अरे, माझ्या अंगुस्तानाला भोक पडलंय. बोटात सुई जाते. ते चांदीचं दे बघू."

"आई, ते दाखवायचं आहे."

"कुणाला?"

ह्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आईनं ह्याच पितळी टोपणानं आळीतल्या बायकांची पोलकी शिवली नि माझी कॉलेजची फी भरली. माझ्या बी.कॉम.चा घसारा त्या भोकात जमा आहे.

तरी मी म्हटलं, "चांदी मऊ असते गं, सुई आरपार जाईल." हे खोटं नव्हतं. पण सोयीचं खरं बोलताना जीभ जरा जास्तच गुळगुळीत होते. हिनंही लगेच री ओढली, "अहो, खरंच. ओरखडा गेला तर ताई काय म्हणेल?"

रात्री भिंग लावून अंगुस्तान तपासलं. बारीक अक्षरं होती : डॉर्कस. झालं! चांदीला भोकं पडतात ह्या तक्रारींवर हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नरनं 1884 साली तोड काढली होती : दोन चांदीच्या पत्र्यांमध्ये पोलादाचा पत्रा. त्या पोलादापायी त्याला चांदीचा सरकारी छापही मिळेना. आणि डॉर्कस म्हणजे बायबलातली गरिबांसाठी कपडे शिवणारी बाई. एवढं सगळं वाचल्यावर पळवाट कुठली?

सकाळी ही भाजीला गेल्यावर अंगुस्तान आईला दिलं. सुजलेल्या मधल्या बोटात ते जाईना, तेव्हा तिनं करंगळीशेजारच्या बोटात घातलं. म्हणाली, "बरं आहे. जरा जड आहे."

मेहुणी दिवाळीला येणार आहे. तोवर दुपटं पुरं होईल आणि अंगुस्तान पुसून परत ठेवता येईल, असा माझा हिशोब होता. पण आई कालपासून गोधडीसाठी जुनी लुगडी फाडत बसली आहे.