विहीणबाईंचे ‘साकु’

भाविकहो, विवाह हा वधूवरांचा संस्कार खरा. परंतु त्यात आईबापांच्या मनाचीही परीक्षा होते. शिवपुराणात मेनादेवीची कथा आहे. सर्पभूषणे ल्यालेला व भूतगणांसह आलेला जामात पाहून ती माउली मूर्च्छित पडली! पुढे शंकरांनी सुंदर रूप प्रकट केले, तेव्हा तिचे चित्त शांत झाले.

बीदर-कलबुर्गीच्या या सीमाभागात मराठी व कानडी घरांच्या सोयरिकी जुळतात. आमची कन्या कानडी घरी दिली, तेव्हा आमची स्थिती मेनादेवीहून निराळी नव्हती. परभाषेच्या घरी लेकीचे कसे होईल, हीच चिंता! पंगतीत लातूरकडील वाढपी खीर वाढीत असता विहीणबाई ‘साकु, साकु’ म्हणाल्या. कानडीत ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’. वाढप्यास वाटले, खीर अगोड झाली! त्याने धावत जाऊन साखर आणली आणि वाटीत ओंजळभर ओतली. आमच्या छातीत धस्स झाले. पण विहीणबाई खळखळून हसल्या व मोडक्या मराठीत म्हणाल्या, “आता सून गोडच बोलेल!”

गाणगापूरनिवासी श्रीनृसिंहसरस्वतींचे चरित्र मराठीत गाणारे सरस्वती गंगाधर मूळचे कानडी भाषिकच होते. जेथे प्रेम आहे, तेथे भाषेचा अडसर कोठला? मेनादेवीस जामाताने रूप पालटल्यावर समाधान लाभले. येथे आमचीच दृष्टी निवळली. मंगलकार्यात मानपान मोजू नये, अंतःकरण पाहावे. ही सद्बुद्धी श्रीदत्तगुरू सर्वांस देवोत.