नाक सुधारून घेणें योग्य कीं अयोग्य?

आमच्या भाषेंत नाकास जो मान आहे तो दुसऱ्या क्वचितच अवयवास असेल. अब्रू गेली म्हणजे नाक कापलें गेलें; सरळ मनुष्य नाकासमोर चालतो; आणि सोयरीक जमवितांना मुलगी नाकींडोळीं नीटस आहे एवढें सांगितलें कीं पुढची निम्मी चौकशी संपते. जिचें नाक बसकें, तिच्यासाठीं सतराशें विघ्नांची म्हण तयारच आहे. वाचकहो, ही म्हण आपण सर्वांनीं केव्हां ना केव्हां हंसत हंसत वापरली आहे. जिच्या तोंडावर ती वापरली जाते तिला ती कशी लागत असेल, याचा विचार आम्हींहि सन २०१८ पर्यंत केला नव्हता.

त्या वर्षीं आमच्या मंडळींतील एक विधवा माता आमच्याकडे आली. तिची मुलगी शहरांत एका दुकानांत हिशेब लिहिण्याच्या कामावर होती. पगारांतून तीन वर्षें पैसे सांठवून तिनें नाकावर शस्त्रक्रिया करून घेण्याचें ठरविलें होतें. नाकास रोग नव्हता, श्वासास अडथळा नव्हता. तें केवळ चपटें होतें, व तेवढ्यावरून तीन स्थळें परत गेलीं होतीं. "पाळकसाहेब, हें पाप हाय का, तेवढं सांगा," असें माता म्हणाली. आम्हीं हातांतील चहाचा पेलाहि पुरता खालीं ठेवला नाहीं, आणि उत्तर दिलें कीं, माती कुंभाराशीं वाद घालीत नसते. माता उठून गेली. प्रश्नाचा निकाल लागला असें आम्हांस वाटलें.

मुलगी थांबली नाहीं. तिनें फक्त सांगणें थांबविलें. एका मैत्रिणीस बरोबर घेऊन ती रुग्णालयांत गेली. शस्त्रक्रियेपूर्वीं तेथें एक कागद भरून द्यावा लागतो. त्यांत कोणतीं औषधें घेतां, मागें कोणते आजार झाले, तंबाखूचें सेवन आहे काय, असे प्रश्न असतात. तंबाखूपुढें तिनें 'नाहीं' असें लिहिलें. वस्तुतः आजीच्या शेजारीं बसून बाराव्या वर्षापासून ती मिश्री लावीत असे. ज्या मुलीनें आईपासून व पाळकापासून एवढी मोठी गोष्ट लपविली, तिला मिश्रीची डबी लपविणें काय जड? मिश्री ही तंबाखूच होय, हें आमच्या पुष्कळ भगिनींच्या ध्यानांत येत नाहीं. तिच्यांतील विषानें बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि जेथें रक्त पुरेसें पोंचत नाहीं तेथें जखम भरत नाहीं. म्हणून कांहीं आठवडे अगोदरपासून आणि नंतरहि ती पूर्ण सोडावी लागते.

नवव्या दिवशीं मातेचें बोलावणें आलें. मुलगी आदल्या दिवशीं गांवीं आली होती आणि आंतल्या खोलींत तोंडावर पदर घेऊन बसली होती. पदर काढला तेव्हां डोळ्यांखालीं निळेपिवळे डाग दिसले. नाक पूर्वींपेक्षांहि जाड झालें होतें, आणि दोन नाकपुड्यांच्या मधल्या कातड्यावरचा लहानसा छेद जुळला नव्हता. त्यांतून पाणी येत होतें. तिनें आम्हांस एकच विचारलें : "देवानं शिक्षा केली ना?"

तो प्रश्न तिच्या मनांत कोणीं पेरला, हें आम्हांस ठाऊक होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्टीनें आम्ही मायलेकींस घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं मिश्रीची गोष्ट दोन प्रश्नांत काढून घेतली, परंतु रागावले नाहींत. पुढें तीन आठवड्यांत छेद भरून आला. सुजेविषयीं त्यांनीं जें सांगितलें तें आम्हीं अगोदर जाणून घेतलें असतें, तर त्या मुलीच्या कांहीं रात्रीं रडण्यांत गेल्या नसत्या.

चपट्या नाकास उंची द्यावयाची म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यांतून, कानामागून किंवा बरगडींतून कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, काढून तें नाकाच्या कण्यावर बसवितात. वरून सुमारें एक आठवडा कठीण पट्टी असते. डोळ्यांभोंवतालची सूज दुसऱ्यातिसऱ्या दिवशीं सर्वांत अधिक दिसते आणि दोन आठवड्यांत बरीच ओसरते. परंतु नाकाची स्वतःची सूज महिनोन्महिने राहते, आणि जाड कातड्याच्या नाकाचा खरा आकार दिसावयास वर्ष किंवा त्याहूनहि अधिक काळ लागतो. पट्टी निघाल्या दिवशीं आरशांत दिसतें तें नाक जन्मभराचें नव्हे. त्या दिवसांत उशा उंच करून उताणें निजावें, नाक शिंकरूं नये, शिंक आली तर तोंड उघडून द्यावी, पाण्याचा हंडा उचलूं नये, आणि चष्म्याचा भार डॉक्टर सांगतील तोंपर्यंत नाकावर पडूं देऊं नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, इतकेंच काय पण गांवच्या वैद्याचें चूर्णहि शस्त्रक्रियेपूर्वीं डॉक्टरांस सांगितलें पाहिजे. कोणतें बंद करावयाचें तें ते सांगतील. आपल्या मनानें कांहींच बंद करूं नये. आणि पहिल्या रात्रीं घरचें कोणीतरी माणूस उशाशीं असावें. आमच्या मुलीच्या उशाशीं कोणी नव्हतें. मैत्रीण रात्रपाळीस गेली होती.

यानंतर आम्हीं या विषयावर थोडें वाचन केलें, आणि वाचतां वाचतां आमची मान खालीं गेली. सन १७९२ मध्यें टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. सुमारें एक वर्ष तो तसाच वावरला. मग पुण्याजवळ एका कारागिरानें त्यास नवें नाक करून दिलें. थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनीं ही क्रिया होतांना पाहिली, आणि तिची हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ऑक्टोबर १७९४ मध्यें चित्रासह प्रसिद्ध झाली. मेणाच्या पातळ पत्र्यानें नाकाचा आकार घ्यावयाचा, तो कपाळावर ठेवून तेवढें कातडें सोडवावयाचें, भिवयांच्या मध्यें एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवावयाची म्हणजे रक्त वाहतें राहील, आणि तें कातडें पिळून खालीं आणून जुन्या नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवावयाचें, अशी ती रीत होती. सांध्यावर पाण्यांत भिजविलेल्या काताच्या पट्ट्या चार दिवस ठेवीत, नंतर तुपांत बुडविलेल्या. पांचसहा दिवस रोग्यानें उताणेंच पडून राहावें, दहाव्या दिवशीं नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालावे म्हणजे त्या मिटणार नाहींत, आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं मधली पट्टी कापावी. त्याहून कितीतरी प्राचीन सुश्रुतसंहितेंत झाडाच्या पानानें माप घेऊन गालाच्या कातड्याचें नाक करण्याची रीत आहे, आणि श्वासासाठीं पोकळ नळ्या ठेवण्यासहि सांगितलें आहे. पुण्याकडची ही हकीकत वाचून जोसेफ कार्प्यू यांनीं १८१४ मध्यें लंडनांत तसेंच नाक केलें, आणि तेथून ही विद्या युरोपांत पसरली.

आतां आमची मान खालीं कां गेली तें सांगतों. पुण्याजवळच्या त्या कारागिराची जात इंग्रजी पत्रांत विटा करणाऱ्यांची लिहिली आहे, आणि पुढील कित्येक लेखकांनीं त्यास कुंभारच म्हटलें आहे. ज्या कुंभाराचें नांव घेऊन आम्हीं त्या मुलीचें तोंड बंद केलें, त्याच्याच जातभाईनें एका अपंग बैलवाल्यास पुन्हां माणसांत बसण्याजोगा केला होता.

कोणी म्हणेल, कावसजीचें नाक शत्रूनें कापलें, हिचें तर जन्माचें शाबूत होतें. तुटलेलें जोडणें निराळें आणि धड असलेलें बदलणें निराळें. हा आक्षेप आम्हीं बरेच दिवस मनांत घोळविला. बर्लिनमध्यें जॅक्स जोसेफ या यहुदी शस्त्रवैद्यानें १८९८ मध्यें एका पुरुषाचें मोठें परंतु निरोगी नाक लहान केलें. लोक टक लावून पाहतात म्हणून तो गृहस्थ चारचौघांत जाईनासा झाला होता. शस्त्रक्रियेनंतर त्याची ती उदासी गेली. मनाची पीडा हीहि पीडाच, असें जोसेफ यांचें म्हणणें होतें, आणि आम्हांस तें खोटें ठरवितां येत नाहीं. आमच्या मुलीचें नाक टिपूच्या शिपायानें कापलें नव्हतें हें खरें. परंतु शाळेच्या पटांगणापासून पाहण्याच्या कार्यक्रमापर्यंत तें रोज कोणीतरी कापीतच होतें. लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायांत, कित्येक भाषांतरांप्रमाणें, चपट्या नाकाच्या याजकास वेदीजवळ जाण्याची मनाई आहे, हें वचन आमच्याच एका उपदेशक बंधूंनीं चर्चेंत पुढें केलें. आम्हीं त्यांस थोडें पुढें वाचावयास सांगितलें. त्याच याजकास पवित्र भाकर खाण्यास तेथें मुभा आहे.

तथापि प्रत्येकानें ही वाट धरावी असें आम्ही म्हणत नाहीं. वरपक्षानें 'नाक करून आणा, मग पाहूं' अशी अट घातली, तर त्या घरीं मुलगी देऊंच नये. आज नाक, उद्यां दुसरें कांहीं. सावकाराचें कर्ज काढून तर हें मुळींच करूं नये. सोळासतरा वर्षांच्या आंतील मुलांचें नाक अजून वाढत असतें, त्यांनीं थांबावें. आणि एक प्रकार असा आहे कीं, दुसऱ्या कोणास न दिसणारा दोष मनुष्य तासन्‌तास आरशांत शोधीत बसतो. डॉक्टर यास मनाचा आजार समजतात. तेथें सुरी लाविली तरी समाधान होत नाहीं, नाकावरचा शोक हनुवटीवर जातो. अशा मनुष्यास वेगळ्या वैद्याकडे न्यावें लागतें. म्हणून आतां आमच्याकडे कोणी विचारावयास आलें तर आम्ही प्रथम हेंच विचारतों कीं, तुम्हांला नेमकें काय बदलावयाचें आहे, तें कोणासाठीं, आणि नाक बदललें पण स्थळ आलें नाहीं तर काय कराल?

त्या मुलीस हे प्रश्न आम्हीं वेळेवर विचारले नाहींत. पुढें त्या एस्टींत परत येतांना विचारले. शेवटच्या प्रश्नास ती म्हणाली, "स्थळासाठी न्हाई केलं. दुकानात माणसांकडं वर बघून बोलता यावं म्हणून केलं."

एक वर्षानें डॉक्टरांनीं पुन्हां तपासणीस बोलाविलें. सूज उतरली होती. नाक थोडें उंच झालें होतें, फार नव्हे. अजूनहि तिच्यांत आजीची छटा दिसते. या खेपेस ती आईला घेऊन गेली. तेथें पुन्हां तोच कागद पुढें आला. तंबाखूच्या प्रश्नापुढें तिनें लिहिलें, "होती. अकरा महिने बंद."